पेट्रोल पाईपच्या चार क्लिपा

नवराबायकोनं फोनवर काय बोलायचं, हे कोणी शिकवत नाही. शिकवलं असतं तर टेलरबाईंच्या घरात पेट्रोलचा वास सुटला नसता, गिऱ्हाइकाचा कोट धुवावा लागला नसता आणि नणंदेला बोलायला आयतं निमित्त मिळालं नसतं. पण नाही शिकवत, त्याला कोण काय करणार.

टेलरबाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर शिलाईकाम करणाऱ्या बाई. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात मोजायची टेप. टेप गळ्यातून काढायची आठवण त्यांना झोपतानाच व्हायची. एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेलेली आणि तिच्या संसारात रमलेली. वरच्या खोलीत नणंद एकटीच राहायची. तिला सगळं कळायचं, आणि जे कळायचं ते जिना उतरून सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. नवरा क्रेन चालवायचा. इथलं मालाचं यार्ड बंद पडलं तेव्हा तो समुद्रापलीकडच्या एका बंदरात नोकरीला गेला, तीन वर्षांच्या कराराने. तीन संपली तेव्हा आणखी दोन वर्षांची सही केली. मधे एकदा वीस दिवस येऊन गेला, त्यातले चार दिवस तापात गेले.

सुरुवातीचे फोन कसे असायचे ते ऐका.

“जेवलीस?”

“जेवले. तुम्ही?”

“जेवलो.”

“तब्येत?”

“ठीक. तुमची?”

“ठीकच.”

एवढं झालं की दोघांच्या तोंडातलं संपायचं. तीन मिनिटंसुद्धा भरायची नाहीत. प्रेम नव्हतं असं नाही हो. चोवीस वर्षं एका घरात काढली होती. पण घरात असताना बोलायची गरज काय पडते? माणूस समोर असतो, तो चष्मा शोधत असतो, आपण न बघता सांगतो, टीव्हीवर आहे. तेवढं पुरतं. फोनवर चष्मा शोधता येत नाही.

मग मोटरसायकल मदतीला आली. ती नवऱ्याची, तेव्हाच तेरा वर्षांची जुनी. जाताना त्यानं बजावलं होतं, “दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेव, नाहीतर इंजिन जाम होईल.” चालवायची नाही, नुसती चालू करायची. पहिल्याच रविवारी ती चालू होईना. बाईंनी घाबरत घाबरत फोन लावला, आणि तीन मिनिटांत गुंडाळणारा हा माणूस पन्नास मिनिटं बोलला. टाकीखालचा कॉक कुठे असतो, चोक कधी ओढायचा, किक मारताना पाय कसा ठेवायचा. मधेच म्हणाला, “दमलीस का? पाणी पी. मी थांबतो.” पाणी पी, मी थांबतो. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असलं वाक्य बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ मोटरसायकलकडे बघत बसल्या, आणि गाडी मेली चालू झालीच नाही याचं त्यांना काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून रविवारी सकाळी अकरा ही मोटरसायकलची वेळ झाली. जुनी गाडी, तिला काही ना काही व्हायचंच. एका रविवारी प्लग, दुसऱ्या रविवारी चेन, तिसऱ्या रविवारी कार्बोरेटर. बाई फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवायच्या, खाली पोतं अंथरून बसायच्या, आणि तो सांगेल तसं करायच्या. तासतासभर.

पहिल्या वर्षी त्यांना खरोखरच काही येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी येऊ लागलं. जी बाई तीस वर्षं आपली शिलाई मशीन स्वतः उघडून, पुसून, तेल घालून परत जोडते, तिला कार्बोरेटर काय जड जाणार? तिसऱ्या वर्षापासून गाडीला काय झालंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. पण रविवारी अकरा वाजता त्या सोंग घ्यायच्या.

“तो गोल गोल आहे तो का? पितळेचा?”

“हां, तोच. त्याला जेट म्हणतात.”

“अगं बाई, केवढासा आहे.”

आणि तो जेट आदल्याच दिवशी साफ करून त्यांनी बशीत काढून ठेवलेला असायचा. नणंद जिन्यात बसून हा तमाशा बघायची आणि तोंडाला हात लावून हसायची. “लोक फोनवर गोड बोलतात,” ती म्हणायची, “आमच्याकडे जेट बोलतात.”

आता मुद्द्यावर येते. त्या वर्षी करार संपायला आठ आठवडे उरले होते, आणि नवरा कधी येणार हे त्यानं सांगितलं नव्हतं. टेलरबाईंना तेवढंच हवं होतं. एक तारीख. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूच्या पेन्सिलीनं गोल करायला एक तारीख. पण विचारायचा धीर होत नव्हता, कारण मागच्या वेळी त्यांनी विचारलं होतं आणि उत्तरात दोन वर्षं मिळाली होती. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं की आपण विचारलं की नाट लागते. न विचारता तो आपण होऊन सांगेल तर येईल.

“मी विचारू त्याला?” नणंद म्हणाली. “माझा भाऊ आहे, मला नाही म्हणणार नाही.”

“तुम्ही यात पडू नका.”

“मी पडत नाहीये. तुला रोज पडलेली बघतेय म्हणून म्हणते.”

बाईंनी चार टाचण्या तोंडात धरल्या. तोंडात टाचण्या धरल्या की उत्तर द्यावं लागत नाही, हा शिलाईकामाचा एक फायदा.

त्याच सुमारास पेट्रोलचा पाईप गेला. टाकीच्या कॉकपासून फिल्टरपर्यंत एक तुकडा आणि फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत दुसरा, करंगळीएवढ्या जाडीची काळी रबरी नळी. वयानं कडक होऊन टोकाशी तडकली होती. रविवारी बाईंनी सांगितलं तेव्हा नवऱ्याचा आवाज खुलला. नवीन काम मिळालं की त्याचा आवाज खुलायचाच.

“दोन्ही तुकडे बदलून टाक. आणि क्लिपा स्क्रूच्या घे. पट्टीवाल्या. चार लागतील, दोन्ही तुकड्यांच्या दोन दोन टोकांना. त्या चिमट्याच्या स्प्रिंगच्या आहेत ना आत्ता, त्या फेकून दे. स्क्रूची क्लिप म्हणजे एकदा आवळली की काम तमाम.”

बाईंना जरा शंका आली. बारीक नळीला ती जाड पट्टी? पण त्या म्हणाल्या, “बरं, चार.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही येईपर्यंत टिकायला हवा पाईप.”

मग तो म्हणाला, “फिल्टरवर बाण असतो. तो कार्बोरेटरकडे यायला हवा. उलटा लावू नकोस.”

सोमवारी दुपारी बाई पार्टवाल्या काकांकडे गेल्या. काकांचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे, आणि कुठल्या डब्यात काय आहे ते फक्त काकांना माहीत. बाई त्यांच्या नेहमीच्या. बाईंनी नळीची मोजमापं टेपनं घेऊन कागदावर लिहून आणली होती, लांबी आणि बाहेरून घेर.

“बाहेरून घेतलंत, शहाण्या आहात,” काका म्हणाले. “लोक आतलं माप आणतात. क्लिप काय आत बसते? पण लांबी ही एवढी कशी?”

“दोन इंच धरलेत जास्तीचे. शिवणीत जायला.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, ह्याला शिवण नसते.”

“सवय हो. कापड कमी पडलेलं मला सहन होत नाही.”

काकांनी हसत नळी कापली. “मग क्लिपा?”

“स्क्रूच्या द्या. चार.”

काढायला घेतलेला डबा काकांनी अर्ध्यावरच परत आत ढकलला. “पेट्रोलच्या पाईपला? नाही मिळणार.”

“का?”

काकांना हा प्रश्न कोणी विचारला की दुकान बंद करायची वेळसुद्धा त्यांच्या लक्षात राहायची नाही. त्यांनी गल्ल्यावरची पेन्सिल घेतली, तिच्यावर स्क्रूची क्लिप चढवली आणि आवळून बाईंच्या नाकासमोर धरली. “बघा. इकडून गोल, तिकडून गोल, आणि ह्या स्क्रूच्या घराखाली काय? सपाट. तिथे फट राहते. जाड नळीवर, ट्रकच्या रेडिएटरच्या नळीवर, ही क्लिप राणी आहे. एवढ्याशा नळीवर ती गोल होतच नाही. मग माणूस काय करतो? अजून आवळतो. आवळलं की ह्या खाचा आहेत ना पट्टीला, त्यांतून रबर वर येतं आणि कापलं जातं. आज नाही गळणार. दोन दिवसांनी गळेल.”

दुसरी एक त्यांनी दाखवली, गुळगुळीत काठाची, बारीक नटबोल्टची. “ही चांगली. पण ही नव्या गाड्यांची, जिथे पंप पेट्रोल जोरात ढकलतो. तुमच्याकडे टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल आपलं सावकाश उतरतं. त्याला कशाला एवढा बंदोबस्त?” आणि मग दोन कान असलेली साधी स्प्रिंगची क्लिप त्यांनी पक्कडीनं दाबली आणि सोडली. “ही घ्या. कान दाबले की उघडते, सोडले की धरते. नळी तापून फुगली की ही जागा देते. गार होऊन आकसली की मागोमाग जाते. ही कोणाला आवळावी लागत नाही.”

बाईंनी ती हातात घेऊन पाहिली. “म्हणजे ती नाडी, आणि हे इलॅस्टिक.”

काकांनी पक्कड खाली ठेवली. “पस्तीस वर्षं हे दुकान चालवतोय,” ते म्हणाले, “मला सुचलं नाही.”

“स्प्रिंगच्या चार द्या,” बाई म्हणाल्या. मग खाली बघत, “आणि स्क्रूच्या पण चार द्या.”

“त्या कशाला?”

“घरात पाण्याची नळी आहे.”

काकांनी पुड्या बांधताना दोन्ही वेगवेगळ्या बांधल्या.

तुम्ही म्हणाल, बाईला वेड लागलं होतं का? समोर माणूस कानीकपाळी ओरडून सांगतोय, आणि ही चुकीची क्लिप घेऊन घरी जाते. वेड नव्हतं. हिशोब होता, आणि तो फार साधा होता. नवऱ्यानं सांगितलेली क्लिप चुकीची आहे असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार की तुला कसं कळलं. आणि एकदा का त्याला कळलं की हिला सगळं येतं, की रविवारचे अकरा संपले. मग परत जेवलीस, जेवले, ठीक, ठीकच.

पुढच्या रविवारी त्यांनी स्क्रूच्या क्लिपा बसवल्या.

“कॉक बंद केलास?”

“केला.”

“जुनी नळी ओढू नकोस, फिरवून काढ. खाली वाटी धर.”

“धरली.”

“आता नवीन बसव. क्लिप आधी नळीवर चढव, मग नळी कॉकवर. तोंडाला जी उभारी, म्हणजे उंच कडा आहे ना, तिच्या पलीकडे क्लिप यायला पाहिजे. आता आवळ.” मधेच तो थांबला, आणि मग पुन्हा म्हणाला, “अजून आवळ. अजून अर्धा फेरा.”

बाईंच्या बोटांना सगळं कळत होतं. काका म्हणाले तसंच, रबर खाचांतून फुगून वर येत होतं. हात नको म्हणत होता. त्यांनी अर्धा फेरा दिला.

“घट्ट?”

“एकदम.”

“शाबास,” नवरा म्हणाला.

एक तास दहा मिनिटं झाली होती त्या फोनची. फोन संपल्यावर बाईंनी हात धुतले, एकटीचं ताट वाढून घेतलं, आणि नवऱ्याची खुर्ची समोर रिकामी होती तिच्याकडे बघत जेवल्या. त्या खुर्चीवर इतक्या वर्षांत त्यांनी एकही कापड ठेवलं नव्हतं. घरात सगळीकडे कापडांचे ढीग, पलंगावर, कपाटावर, मशीनखाली. खुर्ची तेवढी मोकळी. संध्याकाळी तो कुलपात किल्ली फिरवायचा तो आवाज त्यांना हवा होता. पेपर वाचताना दर दोन मिनिटांनी खाकरायचा, त्याचा त्यांना पूर्वी राग यायचा, तेही हवं होतं. तो आवाज आठवायला गेलं की आता फोनमधला आवाज आठवायचा, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटायची.

पाईप मंगळवारी गळला. काकांनी दिलेली दोन दिवसांची मुदत त्यानं अगदी प्रामाणिकपणे पाळली.

आधी वास आला. मोटरसायकल मशीनच्या खोलीला लागून असलेल्या बोळात उभी असायची, आणि बोळात दांडीवर गिऱ्हाइकाचा कोट टांगलेला. शिवून तयार, संध्याकाळी न्यायला येणार. बाईंनी कोट नाकाशी धरला आणि कपाळावर हात मारला. खाली कॉकच्या टोकाला थेंब जमत होता, पडत होता, परत जमत होता. आणि इकडे चार हातांवर इस्त्री तापत ठेवलेली.

नणंद वास घेत घेत जिना उतरली. तिनं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग दार सताड उघडलं, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काकांनी सांगितलं मला,” ती म्हणाली. “पाण्याची नळी म्हणे.”

बाईंनी थेंबाखाली वाटी सरकवली.

“तू एकदा त्याला विचारून टाक. तो येणार असेल तर येईल, नसेल येणार तर नाही. पण तुझ्या रविवारसाठी मला वरच्या मजल्यावर भाजून घ्यायचं नाहीये.” एवढं बोलून ती दांडीवरचा कोट घेऊन वर गेली, धुवायला. जाता जाता जिन्यावरून म्हणाली, “मलाही तो हवाय गं. मी बोलत नाही एवढंच.”

बाईंना रडू आलं ते तिथे. इस्त्री बंद, दार उघडं, वाटीत थेंब पडतायत, आणि त्या पोत्यावर बसून रडल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. फोनवरच्या एका तासापायी त्यांनी घर जाळायला काढलं होतं. मग डोळे पुसून त्यांनी कॉक बंद केला, वाटी मागच्या अंगणात नेऊन ठेवली आणि स्क्रूच्या चारही क्लिपा काढल्या. नळीची टोकं खाचांनी कापली गेली होती, एखाद्या बोथट सुईनं तलम कापड खराब करावं तशी. बाईंनी खराब टोकं कापून टाकली. शिवणीचे दोन इंच उपयोगी पडले. मग पक्कडीनं कान दाबून स्प्रिंगच्या क्लिपा चढवल्या, उभारीच्या पलीकडे नेऊन सोडल्या. वीस मिनिटांचं काम. सूचना द्यायला कोणी नसलं की काम किती लवकर होतं, हे त्यांना काही केल्या आवडलं नाही.

बुधवारी कोरडं. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी कोरडं. आणि बाईंनी ठरवलं, या रविवारी सगळं सांगायचं आणि विचारायचं.

अकराला फोन वाजला.

“काय म्हणतेय गाडी? गळत नाही ना? मला वाटतं, अजून पाव फेरा आवळून बघ.”

“गळत होती,” बाई म्हणाल्या. “मी त्या काढून टाकल्या. स्प्रिंगच्या बसवल्या, मंगळवारी.”

“कोणी बसवल्या?”

“मी.”

“तुला कोणी सांगितलं, कसं बसवायचं ते?”

“मला येतं,” बाई म्हणाल्या. एकदा तोंड उघडल्यावर मग त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. “तीन वर्षं झाली. प्लग, जेट, चेन, क्लच, सगळं येतं. तुम्ही सांगायचात ते मी आधीच करून ठेवलेलं असायचं. त्या दिवशी तुम्ही आवळ म्हणालात, तेव्हाही मला माहीत होतं की ते चूक आहे.”

पलीकडून बंदराचा भोंगा ऐकू आला.

“मग विचारायचीस कशाला?”

“तुम्ही बोलायचात म्हणून.”

मग एक विचित्र आवाज आला. बाईंना आधी वाटलं तो रडतोय, पण तो हसत होता, दाबून दाबून.

“मला नाही येत,” तो म्हणाला.

“काय नाही येत?”

“मोटरसायकल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी क्रेन चालवतो, बिघडली तर दुसरा माणूस येतो. घरी असताना गाडी मेकॅनिककडेच न्यायचो की. तू मशीनवर असायचीस, तुला काय माहीत. कॉक आणि चोक, एवढं मला येत होतं. ते पहिल्याच रविवारी संपलं.”

“मग एवढं सगळं?”

“इथे गेटबाहेर एक वर्कशॉप आहे. ट्रकांचं. दर शनिवारी सुट्टी झाली की जातो. त्याला विचारतो, वहीत उतरवून घेतो, आणि रविवारी तुला वाचून दाखवतो. मी मधे मधे थांबतो ना, तेव्हा पान उलटत असतो. तो मेकॅनिक आता मला लांबून बघितलं तरी हाक मारतो, आलास का, या आठवड्यात बायकोचं काय बिघडलं?”

टेलरबाईंना हसू आवरेना. पोटात दुखेपर्यंत हसल्या. ट्रकांचा मेकॅनिक. म्हणून स्क्रूची क्लिप. समुद्रापलीकडे एक माणूस आठवडाभराच्या कामानं शिणून शनिवारी वही काखेला मारून कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये उभा राहतो, बायकोशी तासभर बोलता यावं म्हणून. त्यांचं सगळं अंग हलकं झालं. आणि त्या हलकेपणातच, हसता हसताच, त्यांनी विचारलं.

“अहो, सहाच आठवडे राहिले आता. कधी येताय?”

त्याचं हसू थांबलं.

“मी सही केली,” तो म्हणाला.

“कसली?”

“पुढच्या दोन वर्षांची. महिना झाला.” मग तो घाईघाईनं बोलू लागला. “दर रविवारी सांगणार होतो. वहीत सगळ्यात वर लिहून ठेवायचो, आधी हे सांगायचं. खाली पाईप, क्लिप, फिल्टर. तू फोन उचललास की मी खालूनच सुरुवात करायचो.”

बाई पोत्यावर बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. “का पण?”

“तिथलं यार्ड बंद आहे. या वयात मला तिथे कोण क्रेन देणार? घरी येऊन काय करू मी? खुर्चीत बसू?”

“बसा की.”

“तुझं सगळं चालतं माझ्याशिवाय. आत्ताच तर म्हणालीस, सगळं येतं तुला.”

“मला राग आलाय,” टेलरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “खूप राग आलाय तुमचा. गाडी येते मला, हो. पण मला तुम्ही हवे आहात. खुर्चीत बसलेले हवे आहात. काही न करता.”

एकोणतीस वर्षांत त्या हे बोलल्या नव्हत्या. वर जिन्यात नणंदेची पावलं वाजली आणि थांबली.

“सही मागे नाही घेता येत गं,” तो शेवटी म्हणाला. “नाहीतर आत्ता घेतली असती. आत्ता, हे ऐकल्यावर.”

दोन वर्षं म्हणजे एकशे चार रविवार. बाईंनी मोटरसायकलकडे पाहिलं. आता तिच्यातलं काहीही एकमेकांना सांगायचं उरलं नव्हतं. तिकडच्या माणसाला काही येत नव्हतं, इकडच्या बाईला सगळं येत होतं, आणि दोघांनाही ते कळलं होतं.

“मग,” नवरा म्हणाला, आणि त्याचा आवाज पूर्वीसारखा बारीक झाला, “ठेवू?”

बाईंनी हात लांब करून कॉकच्या टोकाला बोट लावलं. क्लिपेभोवती सगळीकडून फिरवलं. बोट कोरडं होतं.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “कॉकपाशी ओल दिसतेय.”

मग त्यानं हळूच विचारलं, “बरीच आहे?”

“बरीच.”

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि मग पेनाचं टोपण काढल्याचा.

“बरं,” तो म्हणाला. “शनिवारी विचारून येतो.”

“विचारा,” टेलरबाई म्हणाल्या, आणि ते कोरडं बोट त्यांनी फडक्याला नीट पुसलं.